मिटलेल्या पंखांचं पातं

फार फार मागच्या काळातली ही हकिगत आहे. तेव्हा रान गावाच्या कुंपणापर्यंत आलेलं असे, आणि माणसांना त्या रानाची भीती वाटे तशी मायाही वाटे. अशाच एका रानाला लागून, डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथली माणसं नाचणी पेरत, रानातून मध आणि कंद आणत, आणि पीक तयार झालं की शिकारीला निघत. शिकार कोणी हौसेनं करत नसे. पिकात घुसणारी रानडुकरं मारायची आणि मिळालेलं मांस घरोघर वाटायचं, एवढंच तिचं कारण असे.

शिकारीचा एक नियम त्या गावात सगळे पाळत. बाण लागलेलं जनावर पळून गेलं, तर ज्याचा बाण त्यानं मागावर जायचं आणि त्याला वेदनेतून सोडवायचं. आपण जीव घेतो तो निदान लवकर घ्यावा, असं जुनी माणसं सांगत आणि नवी माणसं ऐकत.

या गावात लहानू नावाचा एक शिकारी होता. शिकारीत पहिला बाण त्याचा असे. त्याच्याजवळ वडिलांनी केलेलं धनुष्य होतं. ते इतकं जड होतं, की गावातले दांडगे तरुणही त्याची दोरी अर्ध्यावर सोडून देत. लहानू ती सहज कानापर्यंत ओढी. त्याचा बाण सुटला की जनावर पडलंच, अशी सगळ्यांची खात्री होती. त्याचा लहानपणापासूनचा मित्र गोमा तर शिकारीत नेहमी त्याच्या डाव्या हाताला उभा राही. लहानूचा बाण लागला की धनुष्य खाली करून पुढं व्हायचं आणि पडलेल्या जनावरापाशी जायचं, हे गोमाचं काम. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

एका वर्षी कड्यावरचा मध काढताना लहानूचा दोर घसरला. एका हातानं दगडाच्या कपारीला धरून तो बराच वेळ लोंबकळत राहिला. लोकांनी त्याला वर ओढून घेतलं. त्यानं अंगावरची माती झटकली, हसला आणि चालत घरी गेला. सगळ्यांना वाटलं, वाचला. पण त्या दिवसापासून त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी कायमचं बिघडलं. हात वर केला की आतून कळ येई. हे फक्त त्याच्या बायकोला, सखरीला ठाऊक होतं, कारण रोज तेल चोळून देणारी तीच होती.

लहानूनं एक दिवस वडिलांचं धनुष्य उचललं, दोरी ओढली, आणि ती छातीपाशीच थांबली. त्यानं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मग तो धनुष्य घेऊन गावाबाहेर गेला आणि सुरीनं ते आतल्या बाजूनं तासू लागला. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसू नये, इतक्या बेतानं त्यानं ते पातळ केलं. आता दोरी ओढता येत होती. पण केळीच्या बुंध्यावर बाण मारून पाहिला, तेव्हा पूर्वी आरपार जाणारा बाण बोटभर आत जाऊन लटकत राहिला.

सखरी त्याला म्हणाली, निदान गोमाला तरी सांगा. तो नाही म्हणाला. पहिला बाण दुसऱ्याकडे जाईल, एवढीच त्याला भीती नव्हती. आपण उभे आहोत म्हणून बाकीचे धीरानं उभे राहतात, हे त्यानं पाहिलं होतं. तो धीर आपल्यामुळे तुटला तर काय, हा विचार त्याला जास्त छळत होता. शिवाय, खरं सांगायचं तर, ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकायला त्याचं मन अजून तयार नव्हतं. असं कोणाला होत नाही?

त्या वर्षी एक मोठं सुळेवालं डुक्कर उतारावर उतरलं. पिकलेली नाचणी ते खाई त्यापेक्षा तुडवी जास्त. लोक शिकारीच्या दिवसाची वाट पाहू लागले आणि सगळ्यांच्या नजरा लहानूकडे वळल्या.

अशातच आठवड्याच्या बाजारात एक परका व्यापारी आला. त्याच्याजवळ विळे होते, सुया होत्या, आणि बाणांची नव्या तऱ्हेची पाती होती. गावातली माणसं वापरत ती पाती साधी असत, टोकदार आणि दोन्ही बाजूंना धार लावलेली. हे नवं पातं मात्र पक्ष्यासारखं होतं. त्याला दोन पंख होते आणि ते मिटलेले असत. बाण जाऊन लागला की धक्क्यानं पंख उघडत आणि पातं रुंद होई. व्यापाऱ्यानं एक भोपळा खांबाला बांधला. आधी साधं पातं मारलं, भोपळ्याला बारीक चीर पडली. मग पंखांचं पातं मारलं, आणि भोपळा फुटून त्याच्या बिया लांबवर उडाल्या. बघणारे हरखून गेले.

व्यापारी म्हणाला, हे पातं हाताची ताकद मागत नाही, आपलं काम आपणच करतं. गर्दीतल्या प्रत्येकानं ते वाक्य ऐकलं, पण लहानूला ते आपल्या एकट्यासाठी म्हटल्यासारखं वाटलं.

सखरी त्याच्याबरोबर होती. तिनं एक पातं हातात घेतलं आणि अंगठ्यानं पंख उघडून पाहिले. ते घट्ट होते. एक लवकर उघडला, दुसरा उघडेचना. ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "हे उघडायलाच एवढा जोर लागतो. मग आत शिरायला काय उरेल? आणि भोपळ्याला हाडं नसतात."

लहानूला ते पटलं नाही असं नव्हे. त्यानं ते पटवून घेतलं नाही. बाणाच्या वेगानं सगळं होतं, असं काहीतरी पुटपुटत त्यानं मधाचं गाडगं व्यापाऱ्याच्या पुढ्यात ठेवलं आणि पाती कमरेच्या पिशवीत टाकली. घरी गेल्यावर त्यानं ती एकदाही कशावर मारून पाहिली नाहीत. पाहिली असती, आणि सखरीचं खरं ठरलं असतं, तर मग त्याच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं.

शिकारीच्या दिवशी सकाळी सगळे निघाले. जनावर उठवणारे हाकारे ढोल घेऊन रानाच्या वरच्या अंगाला गेले. शिकारी खालच्या घळीच्या तोंडाशी थांबले. लहानू एका ऐनाच्या झाडाला टेकून उभा राहिला, त्याच्या डाव्या हाताला नेहमीप्रमाणे गोमा. ढोल वाजू लागले. थोड्या वेळानं झुडपं हलली आणि ते डुक्कर घळीतून खाली आलं, मान खाली घालून, त्यांच्या समोरून आडवं.

लहानूचा नेम आजही पक्का होता. त्याचा बाण जिथं लागायला हवा तिथंच, खांद्याच्या मागं, लागला. गोमानं तो लागलेला पाहिला. धनुष्य खाली करून तो पुढं झाला.

पण मोठ्या डुकराच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड असते. बाणाचा जो काही जोर होता तो त्या कातडीवर पंख उघडण्यातच संपला. एक पंख उघडला, दुसरा मिटलेलाच राहिला. पातं तिरकं झालं, उघडलेला पंख मोडून मांसात अडकला, आणि बाणाची काडी खाली गळून पडली. डुक्कर पडलं नाही. ते वळलं. त्याच्यासमोर, अगदी जवळ, खाली केलेलं धनुष्य हातात घेऊन गोमा उभा होता.

पुढचं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. सुळा गोमाच्या मांडीत शिरला. बाकीच्यांचे बाण सुटेपर्यंत डुक्कर करवंदीच्या जाळीत घुसून नाहीसं झालं होतं.

लोकांनी गोमाला झोळी करून गावात नेलं. लहानू नियमाप्रमाणे मागावर गेला. रक्ताचे थेंब पाहत तो दिवसभर काट्यांतून फिरला. शेवटी एका ओढ्यापाशी माग संपला. दिवस मावळताना तो परत आला, आणि आपल्या बाणानं जखमी झालेलं जनावर मागं ठेवून घरी येणं काय असतं, हे त्याला त्या वाटेवर पहिल्यांदा कळलं.

गोमा वाचेल की नाही, याची काही दिवस कोणालाच खात्री नव्हती. जखमेवर पाल्याचे लेप होत होते, अंगात ताप होता. लहानू त्याच्या उशाशी बसून राही. येणारे-जाणारे लोक म्हणत, ते डुक्कर साधं नव्हतं, नाहीतर लहानूचा बाण लागून उभं कसं राहिलं असतं? त्याला कोणीही दोष दिला नाही. लोक जितकी त्याची बाजू घेत, तितकी त्याची मान खाली जाई.

मग एका दुपारी गोमाचा ताप उतरला. त्यानं पाणी मागितलं आणि तो ते प्यायला.

"बाण लागला होता ना रे?" त्यानं विचारलं. "मी पाहिला. म्हणून तर पुढं झालो."

"लागला होता," लहानू म्हणाला.

"मग?"

लहानू उठला. घरी जाऊन त्यानं धनुष्य आणलं आणि गोमाच्या हातात ठेवलं. गोमा ते धनुष्य लहानपणापासून ओळखत होता. त्याची बोटं बाहेरच्या बाजूवरून फिरली, मग आतल्या बाजूवर आली आणि तिथं थांबली. तासलेली जागा त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपून पाहिली. लहानूनं मग खांद्याचं सांगितलं, केळीच्या बुंध्याचं सांगितलं, आणि ती पाती का घेतली तेही सांगितलं.

गोमा म्हणाला, "मला सांगितलं असतंस, तर मी दोरी ताणून उभा राहिलो असतो."

एवढंच बोलून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. लहानू तरीही रोज येत राहिला. त्याच्या घरचं पाणी भरी, लाकडं फोडी, राहिलेली नाचणी कापी. गोमा त्याला हाकलत नसे, पण बोलतही नसे.

इकडे घळीत गळून पडलेला बाण आणि त्याचं मोडकं पातं पाहून गावात लोकांनी त्या व्यापाऱ्याला झोडपायचं ठरवलं होतं. ते ऐकून लहानू बाजाराच्या दिवशी सगळ्यांच्या आधी निघाला. बरोबर त्यानं डुकराचं जुनं खांद्याचं हाड घेतलं होतं आणि त्यावर जाड कातडं गुंडाळलं होतं. व्यापाऱ्याला त्यानं झालेली हकिगत सांगितली आणि म्हणाला, आता भोपळा नको, यावर मारून पाहू. बाजारात आलेल्या, जड धनुष्य ओढणाऱ्या एका तरुणानं पंखांची पाती मारून पाहिली. एक बाण कसाबसा आत गेला, दुसऱ्याचे पंख वाटेतच उघडून तो भरकटला, तिसऱ्याचा पंख वाकला. मग लहानूनं आपल्या हलक्या धनुष्यानं मारला, तेव्हा बाण कातड्यावर आपटून खाली पडला.

व्यापारी पाहतच राहिला. तो लबाड माणूस नव्हता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, मी जन्मात कधी शिकार केली नाही. ज्यानं मला ही पाती दिली त्यानं भोपळा फोडून दाखवला, मीही तेच दाखवत फिरलो." त्यानं उरलेली पाती गोळा करून पोत्यात बांधली. मग त्यानं गोमाचं घर विचारलं. आपल्याला मारायला टपलेल्या लोकांच्या गावात तो स्वतः चालत आला, गोमाच्या अंथरुणापाशी बसला, आणि जाताना ते पोतं लोहाराच्या भट्टीत घालायला देऊन गेला. त्याला कोणी हात लावला नाही.

डुक्कर मात्र मेलं नव्हतं. मोडलेला पंख खांद्यात घेऊन ते लंगडत फिरत होतं. रानात उकरून खायला त्याला जमेना, म्हणून ते भर दिवसा शेतात आणि घरांच्या परड्यात येऊ लागलं. वेदनेनं ते पिसाळल्यासारखं झालं होतं. दिसेल त्यावर धावून जाई. बायका ओढ्यावर जायला भिऊ लागल्या. पण त्याचं कण्हणं ज्यांनी जवळून ऐकलं, त्यांना भीतीपेक्षा कणव जास्त वाटली.

लहानू गावाच्या लोहारणीकडे गेला. तिचं नाव काशी. नवरा गेल्यावर भट्टी तीच चालवत होती आणि गावातल्या सगळ्या बाणांची पाती तिच्याच हातची असत. तो तिला म्हणाला, "काशीमाय, माझ्याच्यानं आता पूर्वीचं धनुष्य ओढवत नाही. या हाताला चालेल असं पातं करून दे."

काशीनं हातोडा खाली ठेवला. तिनं त्याला दोरी ओढून दाखवायला सांगितलं आणि खांदा कुठं अडतो ते नीट पाहिलं. मग ती म्हणाली, "मी आजवर सगळ्यांना एकाच मापाची पाती देत आले. कोणाचा हात कसा आहे, हे विचारायचं माझ्याही कधी मनात आलं नाही. आता दोघं मिळून शोधू."

त्यांनी शोधलं. रुंद पात्याला आत शिरायला जोर जास्त लागतो, हे तर आता दोघांनाही कळलं होतं. म्हणून काशीनं वेळूच्या पानासारखं निमुळतं पातं घडवलं, एकसंध, सांधा नाही, पंख नाहीत, आणि टोकापासूनच धार. लहानूनं ते कातडं गुंडाळलेल्या हाडावर मारलं. पातं वाकलं. मग तिनं जास्त कडक घडवलं, तर हाडाला लागताच टोक तुटलं. ती वैतागली नाही आणि त्यानंही घाई केली नाही. तापवायचं किती आणि पाण्यात बुडवायचं कधी, हे ती बदलत राहिली. तो मारून पाहत राहिला. अखेर एक पातं कातडं कापून, हाडाला घासून पलीकडे निघालं, आणि उपसून पाहिलं तर टोक आणि धार जशीच्या तशी होती. पुन्हा मारलं, पुन्हा तसंच झालं. काशीनं त्याच मापाची आणि त्याच वजनाची आणखी पाती केली. लहानूनं त्यातलं प्रत्येक मारून पाहिलं, दगडावर घासून पुन्हा धारेला लावलं, आणि जे जराही डगमगलं ते बाजूला ठेवलं.

एक गोष्ट त्याला या खटाटोपात कळली. जवळून मारलं तर हे पातं खोल जात होतं. लांबून मारलं तर जात नव्हतं. म्हणजे डुकराच्या जवळ जावं लागणार होतं.

त्यानं गाव गोळा केलं आणि सगळ्यांसमोर आपल्या खांद्याची गोष्ट सांगितली. धनुष्याची आतली बाजू सगळ्यांना दाखवली. म्हणाला, पहिला बाण आता मी मागत नाही, तो तुम्ही हवा त्याला द्या. पण हे जनावर माझ्या बाणानं जखमी झालं आहे, ते माझ्याकडे राहू द्या.

काहींच्या मनात राग आला, तो दिसत होता. ज्याच्या भरवशावर उभे राहिलो, त्यानं आपल्याला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात काठीचा आवाज आला. गोमा घराबाहेर पडला होता, पहिल्यांदाच. एका पायावर भार देत तो हळूहळू लोकांच्या मधोमध आला.

"नियमानं तो माग याचाच आहे," गोमा म्हणाला. "हा जाईल. पण एकटा नाही. याच्या मागं चार दोऱ्या ताणलेल्या असू द्या."

मग तो लहानूकडे वळला आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलला. म्हणाला, "घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर डुक्कर ओढ्याकाठच्या चिखलात पहुडलेलं आढळलं. ताणलेल्या दोऱ्या घेऊन बाकीचे झाडांआड थांबले. लहानू वारा तोंडावर घेत गवतातून सरपटत पुढं गेला. पूर्वी जिथून तो बाण मारत असे, ती जागा मागं पडली. तो आणखी पुढं गेला. डुकराचा श्वास ऐकू येऊ लागला. त्याच्या खांद्यावरची जखम सुजून काळी पडली होती आणि तिच्यावर माश्या घोंगावत होत्या.

डुक्कर उठलं. त्याला काहीतरी चाहूल लागली होती. ते लहानूकडे तोंड करून उभं राहिलं. समोरून मारलेला बाण कपाळाच्या हाडावरून निसटतो, हे लहानूला ठाऊक होतं. त्याच्या हाताची नस न नस बाण सोड म्हणून ओरडत होती. त्यानं सोडला नाही. दोरी न ओढताच तो श्वास रोखून पडून राहिला. डुकरानं फुरफुरून हवा हुंगली, आणि ते लंगडत बाजूला वळलं. त्याचा पुढचा पाय एक पाऊल पुढं पडला आणि बरगड्यांची बाजू मोकळी झाली. तेव्हा लहानू गुडघ्यावर उठला, दोरी दुखऱ्या खांद्याला जमेल तितकीच ओढली, आणि सोडली.

बाण पिसांपर्यंत आत गेला. डुक्कर दचकलं, थोडं चाललं आणि ओढ्याच्या काठावर आडवं झालं. मागं थांबलेल्या कोणालाही बाण सोडावा लागला नाही.

लहानू त्याच्याजवळ जाऊन बसला. जुन्या जखमेत सुरी घालून त्यानं मोडलेला पंख बाहेर काढला. तो गंजला होता आणि त्याच्याभोवती पू साठला होता. इतके दिवस हे अंगात घेऊन ते हिंडत होतं. लहानूनं त्याच्या केसाळ मानेवर हात ठेवला आणि बाकीचे जवळ येईपर्यंत तो तसाच बसून राहिला. तो काय बोलला, की काहीच बोलला नाही, हे कोणाला ठाऊक नाही.

ते मांस सडकं होतं, खाण्याजोगं नव्हतं. लोकांनी खड्डा करून डुकराला पुरलं. त्या वर्षी गावाला शिकारीचं मांस मिळालं नाही, नाचणीही निम्मीच हाती लागली, आणि माणसांनी कंद उकडून दिवस काढले. गोमाचा पाय बरा झाला, पण सरळ कधीच झाला नाही. लहानूनं त्याचं शेत आपल्या शेताबरोबर कसलं. केल्याची भरपाई अशी होत नसते, हे त्याला माहीत होतं, आणि गोमालाही. तरी दोघं पुन्हा संध्याकाळी ओट्यावर एकत्र बसू लागले.

पुढच्या वर्षी शिकारीच्या आदल्या दिवशी गावानं पहिला बाण एका दुसऱ्या शिकाऱ्याला दिला. लहानू बाकीच्यांत बसला होता. पाती वाटून झाली, तेव्हा तो म्हणाला, "माझा खांदा अजून तसाच आहे. मला जवळची जागा द्या, लांबची नको." आणि एवढं बोलून तो थांबला.

मग एका दांडग्या शिकाऱ्यानं खाली पाहत सांगितलं, की त्याला डाव्या डोळ्यानं आता नीट दिसत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, मागच्या तापापासून त्याची बोटं बधिर होतात आणि दोरी कधी सुटते ते कळत नाही. एक तरणाबांड गडी म्हणाला, की डुक्कर धावून आलं की त्याचे पाय लटपटतात. कोणीही हसलं नाही. काशी लोहारीण प्रत्येकाचा हात पाहून पाती बदलून देऊ लागली. गोमा काठी टेकत उभा राहिला आणि कोणी कुठं उभं राहायचं, कोणाच्या शेजारी कोण हवा, हे ठरवू लागला. तो आता शिकारीला जाऊ शकत नव्हता. पण त्या दिवसापासून त्यानं माणसं उभी केल्याखेरीज गावाची शिकार निघाली नाही.

त्या वर्षीच्या शिकारीत कोणालाही इजा झाली नाही, आणि एकही जनावर अंगात बाण घेऊन रानात पळालं नाही.

ऐकणाऱ्या लहान-थोरांनो, एवढं लक्षात ठेवा: ज्यानं आपलं बळ न लपवता जोखलं आणि आपलं हत्यार आधी स्वतः पारखलं, त्याच्याच हातात ते भरवशाचं असतं.